पाच वर्षांची मालकीण

थोरल्या सुनेच्या नावावर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक अख्खा कारखाना होता आणि रोज सकाळी ती त्या कारखान्यात जाणाऱ्या तीन पुरुषांचे डबे भरत होती. सासऱ्यांचा बिनतिखटाचा, नवऱ्याचा साधा आणि धाकट्या दिराचा सर्वांत मोठा. डबे गेले की ओटा पुसायचा, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायचं, कपडे वाळत घालायचे. कारखाना घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता, पण तिथे यंत्रं किती असं कोणी विचारलं असतं, तर मालकीणबाईंनी "ह्यांना विचारून सांगते" असं उत्तर दिलं असतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्याने काढली त्याने ही उद्योग वसाहत नक्की पाहिली असणार.

त्या सकाळीही डबे भरून झाले होते. नवरा दाराशी वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. तो तसाच खाली बघत म्हणाला, की पुढच्या आठवड्यात बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचे लोक येणार आहेत, तेव्हा तिला खुर्चीत बसायला यावं लागेल. यात नवीन काही नव्हतं. तपासणीला कोणी आलं की तिला चांगले कपडे घालून नेत, नवऱ्याच्या खुर्चीत बसवत आणि पाहुणे गेले की घरी पाठवत. पण नाड्या बांधून झाल्या तरी नवरा उठेना.

"आणि तुझ्या बहिणीलाही बोलावून घे, असं बाबा म्हणाले."

थोरलीच्या हातातलं झाकण डब्यावर बसेना. बहिणीला कशासाठी, हे तिला विचारावं लागलं नाही. त्या वसाहतीत सून होऊन आलेल्या कुठल्याही बाईला ते विचारावं लागलं नसतं.

वाचकहो, ते तुम्हाला मात्र सांगायला हवं, कारण हे पाप कागदावर फार देखणं दिसतं.

काही वर्षांपूर्वी सरकारने एक चांगली योजना काढली. जी बाई बेरोजगार आहे, जिचं शिक्षणही चालू नाही, अशा बाईने नवा उद्योग काढला तर पाच वर्षं तिला करात आणि विजेच्या दरात भरघोस सवलत. हेतू सरळ होता. घरात कुजत बसलेल्या बाईला हात द्यावा, तिने चार पैसे मिळवावेत, जिल्हा पुढे जावा. पण चांगल्या योजनेला सुरुंग कसा लावायचा, हे आमच्या पुरुषांना शिकवावं लागत नाही. दोन-चार वर्षांत वसाहतीतले सगळे जुने कारखाने एकामागून एक कागदोपत्री बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये, त्याच यंत्रांवर, त्याच कामगारांना घेऊन बायकांच्या नावाने नवे कारखाने उघडले. पाच वर्षं सरली की बायकोच्या नावाचा कारखाना बंद, सुनेच्या नावाचा सुरू. एका बाईला सवलत आयुष्यात एकदाच मिळते, म्हणून घराला दर पाच वर्षांनी एक नवी बाई लागू लागली. लग्नाची तारीख वीजबिल ठरवू लागलं. एका घरात तर मुलीची मुदत संपेना म्हणून तिचं लग्न वर्षानुवर्षं लांबवलं आणि मुदत संपली त्या महिन्यात घाईघाईने, मिळेल त्याच्या गळ्यात बांधून मोकळे झाले.

यातली सर्वांत नीच गोष्ट अजून सांगायची आहे. सवलत बेरोजगार बाईला. मग जी बाई नोकरी करते, जी मुलगी शिकते, तिचं काय? तिला आधी बेरोजगार करायचं. नोकरीचा राजीनामा द्यायला लावायचा, कॉलेजातून नाव काढायला लावायचं. बाईला उभं करायला निघालेल्या योजनेसाठी उभ्या बाईचे पाय तोडायचे, आणि मग म्हणायचं, पाहा, आम्ही हिला आधार दिला.

थोरली लग्नाआधी एका शाळेत गणित शिकवत होती. मुलांना आवडायची, कारण ती चुकलेलं गणित खोडू द्यायची नाही. कुठे पाय घसरला ते शोधायला लावायची. स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांची अट एकच होती, मुलीने नोकरी सोडावी. तिच्या वडिलांना वाटलं, खानदानी लोक आहेत, सुनेला कष्ट नकोत असं म्हणत असतील. वडील आयुष्यभर बस चालवलेले, बायको लवकर गेलेली, दोन मुली पदरात. त्यांना तो मोठेपणाच वाटला. लग्नानंतर पंधरवड्यात थोरलीच्या पुढे सह्यांचे कागद आले आणि तेव्हा तिला कळलं, की या घराला सून नव्हे, सही हवी होती.

आता तिची मुदत संपत आली होती. धाकट्या दिराचं लग्न करायला हवं होतं, आणि नवी मुलगी शोधत हिंडण्यापेक्षा सुनेची बहीणच काय वाईट? माहितीतलं घर, गरीब बाप. बहीण गुरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. म्हणजे अजून दोन वर्षं, आणि मुदत तेवढी थांबणार नव्हती.

त्या दुपारी सासूबाईंनी गुडघे पुढे केले आणि स्वतःहून विषय काढला. म्हणाल्या, बहिणी-बहिणी एका घरात आल्या तर जावांची भांडणं तरी होणार नाहीत. थोरली तेल चोळत राहिली. मग तिने हळूच विचारलं, की तिच्या शिक्षणाचं काय.

"पाच वर्षांचा तर प्रश्न आहे," सासूबाई म्हणाल्या. "नंतर शिकेल की. मीही बसलेच ना पाच वर्षं?"

"नंतर तुम्ही काय केलंत, आई?"

सासूबाईंनी गुडघा मागे घेतला. नंतर काय झालं ते घरात कोणी बोलत नसे, पण थोरलीला ते ठाऊक होतं. सासूबाई एके काळी गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायच्या. हात असा, की माप एकदा घेतलं की पुन्हा घ्यावं लागत नसे. मालकीण होण्यासाठी ते काम बंद करायला लागलं, शिलाई यंत्र देऊन टाकावं लागलं. पाच वर्षं झाली, कारखाना थोरलीच्या नावावर गेला, तेव्हा त्यांना वाटलं आता आपलं छोटंसं दुकान काढावं. बँकेत गेल्या, तर समोरच्या माणसाने नोंदी पाहून सांगितलं, बाई, तुमचा आधीचा उद्योग बुडालाय, तुम्हाला कर्ज कसं देणार? ज्या कारखान्यात त्यांनी एका खोक्याची घडी घातली नव्हती, तो बुडवल्याचा शिक्का त्यांच्या कपाळी बसला होता. आणि कारखाना तर तिकडे धडधडत चालू होता! त्या घरी आल्या, नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी सुई हातात धरलेली कोणी पाहिली नाही. शर्टाचं बटण तुटलं तर तेही थोरलीने लावायचं.

अशी बाई दुसऱ्या मुलीला त्याच खड्ड्यात ढकलायला निघते, याचा राग कोणाला येणार नाही? मलाही येतो. पण तिला दुसरं शिकवलं काय होतं?

संध्याकाळी थोरलीने वडिलांना फोन केला. त्यांच्याकडे निरोप आधीच पोचला होता. सासऱ्यांनी गोड बोलून त्यांना निम्मं पटवलं होतं. ते म्हणाले, मला यातलं काही कळत नाही गं, तू त्या घरात नांदतेस, चांगलं-वाईट तू बघितलंयस. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही. हो म्हणावं तर बहिणीचा गळा, नाही म्हणावं तर स्वतःचं घर. तिने वडिलांना सांगितलं, की बहिणीला म्हणावं येऊन भेट, मग बघू. फोन ठेवल्यावर आपण "मग बघू" म्हणालो, याचीच तिला लाज वाटली.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी जिल्ह्याचे उद्योग अधिकारी घरी आले. हे गृहस्थ दरवर्षी जिल्ह्याची आर्थिक स्थिती आणि उद्योगवाढीच्या शक्यता यांवर जाडजूड अहवाल काढत आणि त्यात गुलाबी रंगाची पानं असत, महिला उद्योजकांची. राज्यात सर्वांत जास्त महिला उद्योजक आमच्या जिल्ह्यात, हे वाक्य ते चहा मागतानासुद्धा म्हणत. वसाहतीत खरं काय चालतं ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तळं राखणाऱ्याला पाण्याची चव माहीत असतेच.

ते सांगत होते, की काचेची भांडी बनवणारी एक मोठी कंपनी या जिल्ह्यात कारखाना टाकायचा विचार करतेय. त्यांना खोकी लागतील, लाकडी पेट्या लागतील, वाहतूक लागेल. हे जमलं तर जिल्ह्याचं नशीब उघडेल. कंपनीच्या खरेदी प्रमुख एक बाई आहेत, त्यामुळे बायकांना बघून त्या खूश होतील. मग त्यांनी थोरलीला उत्तरं शिकवली. लग्नानंतर मला स्वतःच्या पायावर उभं राहावंसं वाटलं, घरच्यांनी खूप पाठिंबा दिला, सुरुवातीला अडचणी आल्या. कुठल्या अडचणी, असं थोरलीने विचारलं. अधिकारी म्हणाले, ते तुम्हीच सांगा काहीतरी, बायकांना अडचणी सांगता येतात.

बहीण त्याच दिवशी आली. खांद्याला पिशवी, हातावर मांजराने ओरबाडल्याच्या रेघा. ती आली तशी हसतच आली, कारण तिला वाटलं होतं ताईला करमत नाही म्हणून बोलावलंय. चहाला बसल्यावर सासऱ्यांनी मोठ्या मायेने तिची चौकशी केली. काय शिकतेस बाळ? गुरांची डॉक्टर? पण आपल्याकडे गुरं कुठायत?

"तपासल्याशिवाय कसं सांगू, काका?" ती म्हणाली.

धाकटा दीर हसला आणि बापाचा चेहरा पाहून गप्प बसला. सासऱ्यांनी मात्र ते हसण्यावारी नेलं आणि सहज बोलल्यासारखं सगळं सांगून टाकलं. उद्या पाहुण्यांना भेट, तुझी ओळख करून देऊ, पुढच्या उद्योजिका म्हणून. लग्नाचं तुझ्या वडिलांशी बोलणं झालंय. आणि त्या आधी कॉलेजातलं नाव तेवढं काढून घे, तसा नियम आहे. हे शेवटचं वाक्य त्यांनी बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं.

बहिणीने ताईकडे पाहिलं. ताई बशा गोळा करत होती. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता, हे तुला माहीत होतं का. थोरलीने बशा उचलल्या आणि आत गेली. आत गेल्यावर बहीण मागून आली, आणि तिने एवढंच विचारलं, की ताई सांगेल तसं कर असं बाबा फोनवर म्हणाले होते, ते कशाबद्दल हे आत्ता कळलं, तर तू काय सांगणार आहेस. थोरलीने नळ सोडला. पाण्याच्या आवाजात बोलणं बाहेर जात नाही, हे त्या घरातल्या बायकांना पक्कं माहीत होतं. पण थोरली एकच बशी पाण्याखाली फिरवत राहिली. बहिणीनेच मग तिच्या हातातली बशी घेतली आणि विसळली.

दुसऱ्या दिवशी कारखाना झाडून-पुसून लखलखीत केला होता. तरी खळीचा आंबूस वास काही जात नव्हता. पुठ्ठा कापायचं मोठं यंत्र, नागमोडी घड्यांच्या नालीदार कागदाची भेंडोळी, खोक्यांच्या कडांना तारेच्या पिना मारणाऱ्या बायका, घड्या घातलेल्या खोक्यांचे ढीग. थोरलीला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. खुर्चीची गादी नवऱ्याच्या बसण्याने एका बाजूला दबली होती, तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. तिच्या मागे बहीण उभी, कोपऱ्यात सासूबाई, दाराशी सासरे आणि मुलगे. सगळं घर फोटो काढायला उभं राहावं तसं उभं होतं.

खरेदी प्रमुख बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, स्वतःची पिशवी स्वतः उचलणाऱ्या. त्यांनी आधी केबिनकडे पाहिलंच नाही. एक खोकं उचललं, कोपऱ्यावर अंगठा दाबला, उलटं केलं, त्यावर जोर देऊन पाहिलं. माल चांगला आहे म्हणाल्या. सासऱ्यांची छाती फुगली. फुगायला हवीच होती, कारण माल खरंच चांगला होता. त्यांच्या वडिलांनी एका हातयंत्रावर सुरू केलेला हा धंदा होता. या माणसांना काम येत नव्हतं असं नाही. काम येत होतं, म्हणून तर त्यांची चीड जास्त येते.

मग बाईंनी विचारलं, कारखाना किती जुना?

सासऱ्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या आयुष्याएवढा जुना. पण कागद साडेचार वर्षं म्हणत होता. शेवटी ते कागद म्हणत होता तेवढंच म्हणाले.

बाई कापायच्या यंत्राकडे बघत राहिल्या. त्याचा दांडा हातांनी घासून घासून बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, की ही अडचणच आहे. आमचा माल काचेचा. खोकं दगा देतं तेव्हा सगळंच फुटतं. म्हणून दहा वर्षं टिकलेल्या कारखान्याशीच करार करायचा, असा कंपनीचा नियम आहे. मी सकाळपासून या वसाहतीत फिरतेय. कोणी चार वर्षांचा, कोणी तीन, कोणी गेल्या वर्षीचा. एवढी यंत्रं, एवढे हुशार कामगार, आणि एकही कारखाना मोठा झालेला नाही. दहा वर्षांपूर्वी इथे काय होतं?

इथे सगळ्यांचं घोडं अडलं. वाचकहो, हा धडा नीट बघून घ्या. सवलतीसाठी दर पाच वर्षांनी स्वतःच्या कारखान्याचा जीव घेणाऱ्या त्या शहाण्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, की मेलेल्याला वय नसतं. ज्या धंद्याला नाव नाही, भूतकाळ नाही, त्यावर कोण विश्वास ठेवणार? बायकांच्या नावांवर चरता चरता त्यांनी स्वतःचं नाव खाऊन टाकलं होतं.

उद्योग अधिकारी मात्र सराईत. ते पुढे झाले आणि हसतमुखाने म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी इथे ओसाड माळ होता, मॅडम. हे सगळं आमच्या भगिनींनी उभं केलंय."

सासऱ्यांनी मान हलवली. ज्या शेडमध्ये त्यांचे वडील काम करता करता म्हातारे झाले, त्या शेडमध्ये उभं राहून, तिथे माळ होता, या वाक्याला त्यांनी मान हलवली.

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा केबिनमध्ये पाऊल टाकलं. अधिकाऱ्यांनी ओळख करून दिली. या मालकीण. आणि या त्यांच्या भगिनी, येत्या सहा महिन्यांत यांचाही उद्योग सुरू होतोय. बहिणीचा हात थोरलीच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो हात घट्ट झाल्याचं थोरलीला पाठीत कळलं. बाई तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही कशी सुरुवात केलीत, ते ऐकायला मला आवडेल.

शिकवलेलं वाक्य थोरलीच्या ओठांवर आलं होतं. लग्नानंतर मला स्वतःच्या पायावर, इथपर्यंत ती बोललीसुद्धा. मग तिने आपले खाली न टेकलेले पाय पाहिले आणि ती खुर्चीतून उठली.

"मी काही सुरू केलेलं नाही," ती म्हणाली. "मी इथे फक्त पाहुणे आले की येते. हा कारखाना माझ्या आजेसासऱ्यांनी काढला. इथे माळ नव्हता, तेच होते. आधी हा कारखाना सासूबाईंच्या नावावर होता, आता माझ्या आहे. मी शाळेत गणित शिकवायचे. नोकरी असली तर सवलत मिळत नाही, म्हणून मला नोकरी सोडायला लावली. आता माझी पाच वर्षं संपतायत म्हणून हिला आणलंय. हिला कॉलेजातून नाव काढायला सांगितलंय. ती काढणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत फळ्याजवळ उभी राहून ती असंच बोलत असेल. बाहेर पिना मारणाऱ्या बायकांचे हात थांबले. अधिकारी हसले, म्हणाले, ताई गमतीशीर आहेत. कोणी हसलं नाही. मग कोपऱ्यातून सासूबाई पुढे आल्या.

"तिचं मनावर घेऊ नका. मूल नाही ना तिला, त्याने हल्ली असं काहीही बोलते."

घराचं नाक वाचवायला सासूबाईंनी हातात येईल ते फेकून मारलं होतं, आणि नेमकं हेच त्यांच्या हातात आलं. नवरा दाराशी उभा होता. त्याला एक शब्द बोलता आला असता. त्याने भिंतीकडे पाहिलं.

कंपनीच्या बाईंनी सासूबाईंकडे वळून शांतपणे विचारलं, "मालकीण व्हायच्या आधी तुम्ही काय करत होतात?"

"कपडे शिवत होते," असं सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर त्यांनी पदराने तोंड दाबलं.

बहिणीने पिशवी खांद्याला लावली. ती अधिकाऱ्यांना म्हणाली, की पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे, मी जाते. जाताना तिने ताईचा हात धरला, आणि थोरलीने तिथेच, सगळ्यांसमोर, वडिलांना फोन लावला. तिचं बोलणं फार लांबलं नाही. "बाबा, माझं उत्तर नाही आहे," एवढं ती बोलली, आणि मग दुसऱ्यांदा, मोठ्याने, "नाही."

त्या रात्री काय झालं असेल ते वर्णन करून सांगायला नको. सासरे ओरडले नाहीत. ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिले, की परक्या माणसांसमोर माझ्या बापाचं नाव काढायची काय गरज होती. थोरली म्हणाली, तुम्ही त्यांचा माळ करून टाकलात, मी नुसतं नाव घेतलं. त्यावर त्यांनी तिला काही दिवस माहेरी जायला सांगितलं. काही दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही कळलं होतं.

बस थांब्यापर्यंत नवरा पोचवायला आला. बॅग त्याने उचलली होती. ती खाली ठेवून म्हणाला, की तुझं चुकलं नाही, पण हे घरात बोलायला हवं होतंस.

"घरात मी रोज बोलत होते," ती म्हणाली. "तुम्ही नाड्या बांधत होतात."

कंपनीने आपला कारखाना शेजारच्या जिल्ह्यात टाकला. वसाहतीत सगळ्यांच्या तोंडी एकच, त्या बाईने वाटोळं केलं. कामगारांच्या बायकासुद्धा तिला शिव्या देऊ लागल्या, कारण वाढलेलं काम कोणाला नको असतं? आणि मी विचारतो, तिने काय केलं? तिने न बोलता बसून राहायचं ठरवलं असतं तरी दहा वर्षांचा एक कारखाना कुठून आणला असता? दर पाच वर्षांनी कारखाने मारणारे पुरुष, कारखाने मरत असताना गुलाबी पानं रंगवणारे अधिकारी, पोरीला खानदानी स्थळ मिळालं म्हणून काहीच न विचारणारे बाप, हे सगळे साव, आणि खरं बोलली ती चोर. अहवाल त्या वर्षीही निघाला. त्यात लिहिलं होतं, की परगावच्या पाहुण्यांनी जिल्ह्यातील महिला उद्योजकांचं मनापासून कौतुक केलं. तो आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रात वाचलाही असेल, आणि बायका किती पुढे गेल्या म्हणून पान उलटलंही असेल.

थोरलीची शाळेतली जागा भरली गेली होती. ती वडिलांच्या दोन खोल्यांत शेजारची मुलं गोळा करून शिकवू लागली. बहीण परीक्षेला बसली. एवढ्यावर ही गोष्ट संपवली असती तर माझाही जीव हलका झाला असता.

पण महिन्याभराने थोरलीच्या कानावर आलं, की वसाहतीतल्या लाकडी पेट्यांच्या कारखानदाराच्या मुलाचं लग्न ठरलंय. मुलगी टपाल कचेरीत नोकरीला आहे. लग्नाआधी नोकरी सोडायची अट आहे आणि मुलीकडच्यांना अटीचं फार कौतुक आहे. त्या दिवशी मुलांना लवकर सोडून थोरली त्या मुलीच्या घरी गेली. आईने दार उघडलं, नाव ऐकलं आणि ओळखलं. म्हणाली, तू तीच ना, स्वतःचं घर मोडलंस, आता आमचं मोडायला आलीस? दार बंद झालं. थोरली पायरीवर बसली. खिडकीतून कोणी तरी पडदा ओढला. शेजारच्या बाईने कुंपणावरून डोकावून पाहिलं, पोरं खेळताना थांबून बघून गेली. ती बसून राहिली.

दिवे लागायच्या सुमारास मुलगी कामावरून आली. बोटांना शिक्क्याची शाई, पायात दिवसभर उभं राहिल्याचा थकवा. पायरीवरच्या अनोळखी बाईला पाहून ती थबकली. घरातून आईने हाक मारली, तिच्याशी बोलू नकोस, आत ये.

थोरलीने सरकून पायरीवर जागा केली.

"राजीनामा दिलास?"

"उद्या देणारे. का?"

"मग आज वेळ आहे," थोरली म्हणाली. "बस."